चार एमटी५ एकाच पीसीवर: म्हापशातल्या दुकानाने काम चोख केलं

माझा पीसी पाच वर्षं जुना, आय५, ८ जीबी रॅम, आणि त्यावर मी मेटाट्रेडर ५ (एमटी५, ट्रेडिंगचं सॉफ्टवेअर) चे चार टर्मिनल, म्हणजे चार खिडक्या, एकदम चालवतो, दोन लाइव्ह, एक डेमो, एक ईए (आपोआप ट्रेड करणारा प्रोग्राम) टेस्टिंगला, वरून क्रोममध्ये ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या साइटचे सहा-सात टॅब. सकाळी ९:१५ ला मार्केट उघडलं की सगळं गोठायचं. माउस फिरायचा पण चार्टवरची कँडल हलायची नाही, स्टॉपलॉसची (तोटा थांबवायच्या भावाची) लाइन ओढायला जावं तर ती हातालाच लागायची नाही, आणि आठ-दहा सेकंदांनी भाव एकदम कुठच्या कुठे. पैसे लागलेले असताना जीव नुसता टांगणीला.

पणजीत एका दुकानात दाखवला तर त्यांनी पीसी न उघडताच ग्राफिक्स कार्ड घाला म्हणून २२ हजारांचं कोटेशन हातात दिलं. मग म्हापशाला कदंब स्टँडजवळच्या छोट्या दुकानात गेलो, तिथल्या बाबाने पहिलाच प्रश्न केला, "पात्रांव, अडकतं तेव्हा टास्क मॅनेजर बघितलाय?" मार्केट चालू असतानाच चारही टर्मिनल उघडायला लावले आणि स्वतः स्टूल ओढून बाजूला बसला.

मेमरी ९५ टक्के, डिस्क १०० टक्के. रॅम संपली की विंडोज उरलेलं डिस्कवर टाकतं आणि माझी जुनी फिरती हार्ड डिस्क, तिला कुठे एवढं झेपणार. सीपीयू ३० टक्केच दिसायचा म्हणून मी तिकडे कधी बघितलंच नव्हतं, त्याने ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवले तर एक चौकोन वर टेकलेला आणि बाकीचे जवळजवळ रिकामे! एमटी५ मध्ये एका सिम्बॉलचे (शेअर, करन्सी वगैरे) सगळे इंडिकेटर, म्हणजे चार्टवर गणित करून रेघा काढणारे छोटे प्रोग्राम, एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालतात, टाइमफ्रेम कितीही उघडा, त्यामुळे कोअर वाढवून तिथे फरक पडत नाही. माझा एक फुकटातला इंडिकेटर दर टिकला (भाव बदलला की) सगळा इतिहास पहिल्यापासून मोजत बसायचा, तो काढला आणि तो चौकोन डोळ्यांदेखत खाली आला.

पीसी उघडल्यावर रॅमचे पिन काळे पडलेले निघाले, आमचं घर कांदोळीला समुद्राजवळ, खारी हवा. खोडरबरने घासून साफ केले, फॅनमधली धूळ काढली. ८ जीबीची अजून एक स्टिक घातली, विंडोज आणि टर्मिनल एसएसडीवर (न फिरणारी, वेगवान डिस्क) हलवले. मॅक्स बार्स (चार्टमध्ये जास्तीत जास्त किती कँडल ठेवायच्या) मी अनलिमिटेड ठेवले होते ते १० हजार केले आणि मार्केट वॉच या भावांच्या यादीतले नको ते सिम्बॉल हाइड. हे शेवटचं तर कोणीही घरी करू शकतो, कंट्रोल ओ दाबा, चार्ट्सच्या टॅबमध्ये मॅक्स बार्स आहे, बदलून टर्मिनल बंद करून परत उघडा. पैसे खर्च करायच्या आधी हे करून बघाच.

बिल ५,८०० झालं, त्यात मजुरी फक्त ५००, प्रत्येक पार्ट बिलावर लिहिलेला आणि जुनी हार्ड डिस्क न मागता परत दिली.

तीन आठवडे झाले, चारही टर्मिनल चालतात, ९:१५ ला पहिल्या मिनिटात एखादा सेकंद अडकतं, बस. एकटाच माणूस काम करतो म्हणून दोन दिवस धरून चला, फोन पण लवकर उचलत नाही. आणि शुक्रवारी जाऊ नका, बाजारामुळे गाडी लावायला जागाच मिळत नाही, मी पीसीचा डबा डोक्यावर घेऊन चालत गेलो होतो.