बोटीसाठी एसी-हीटिंग: सेल्फ-कंटेंड की चिल्ड वॉटर?

बोट छोटी असेल, एकदोन केबिनची, तर सरळ सेल्फ-कंटेंड घ्या, कंप्रेसर, कॉइल, ब्लोअर सगळं एकाच बेसवर येतं, गॅस आधीच भरलेला, सीटखाली बसवून डक्ट, वायर नि समुद्राच्या पाण्याचे पाइप जोडले की झालं. आवाज मात्र उशाशीच. चिल्ड वॉटरमध्ये चिलर, म्हणजे पाणी थंड-गरम करणारं मशीन, इंजिन रूममध्ये राहतो, केबिनपर्यंत नुसतं थंड-गरम पाणी फिरतं, म्हणून शांत, पण महाग, बऱ्याच केबिन असतील तरच परवडतं.

हीटिंग दोन्हीत सहसा रिव्हर्स सायकलने, म्हणजे उष्णता समुद्राच्या पाण्यातूनच ओढायची, आणि ते पाणी 4-5 अंशांवर आलं की दोन्ही ढेपाळतात, तिथे डिझेल हीटर वेगळा लावाच. आणि काहीही घ्या, समुद्राचं पाणी गाळून आत घेणाऱ्या स्ट्रेनरची जाळी शेवाळाने तुंबली की कूलिंगला हाय प्रेशरवर ट्रिप होतं, म्हणजे गॅसचं प्रेशर वाढून मशीन आपोआप बंद पडतं, मेकॅनिकला बोलवायच्या आधी ती उघडून बघा.