पाकट आणि दयाळ: एका तुलना-तक्त्याचा अभिप्राय

भंडारा जिल्ह्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेसाठी आम्ही प्राण्यांची तुलना करणारा भिंतीवरील तक्त्यांचा संच मागवला. वाघ-सिंह, मगर-सुसर अशा त्यातील बहुतेक जोड्या ठरावीकच आहेत. परंतु गोड्या पाण्यातील महाकाय पाकट मासा आणि आपल्याकडचा दयाळ पक्षी ही जोडी ज्याने कोणी सुचवली, त्याला वर्गात शिकवण्याचा अनुभव असावा.

श्वसनाची चौकट या तक्त्यातील सर्वांत सरस होय. पाकटाचे तोंड आणि कल्ल्यांच्या फटी शरीराच्या खालच्या बाजूस असल्याने, नदीच्या तळाशी पडून असताना चिखल आत जाऊ नये म्हणून तो डोळ्यांमागील छिद्रांतून पाणी आत ओढतो, हे बाणांच्या साहाय्याने स्वच्छ दाखवले आहे. तलावातील मरळ आणि वाम रोज हाताळणारी आमच्याकडची ढिवरांची मुले या चित्रापाशी बराच वेळ थांबली, कारण पोटाखाली कल्ले असलेला मासा त्यांनी कधी पाहिला नव्हता. शेजारीच दयाळाच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या आणि श्वासनलिका जिथे दुभंगते तेथील स्वरयंत्र दाखवले आहे. उन्हाळ्यात पहाटे कडुनिंबाच्या शेंड्यावर बसून गाणारा नर आवाज नेमका कुठून काढतो, हे मुलांना त्यामुळे उमगले.

वजनाची चौकटही चांगली जमली आहे. २०२२ मध्ये कंबोडियात मेकाँग नदीत सापडलेल्या मादी पाकटाचे वजन ३०० किलो भरले होते, तर दयाळ जेमतेम ४० ग्रॅमचा. तेव्हा एका पाकटात साडेसात हजार दयाळ, हा हिशेब मुलांनी पाटीवर स्वतःच मांडला.

प्रजननाच्या चौकटीत मात्र अक्षम्य चूक आहे. तेथे दोघांपुढेही ‘अंडी घालतो’ असे छापले आहे. झाडाच्या ढोलीत अंडी घालणाऱ्या दयाळाबाबत ते खरे असले, तरी पाकटाची मादी पिल्लांना जन्म देते. अंडी तिच्या शरीरातच उबतात आणि पुढे गर्भाशयात स्रवणाऱ्या पोषक द्रवावर पिल्ले वाढतात. तुलनेतील सर्वांत रंजक फरक असा पुसला गेल्यामुळे मला त्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवावी लागली. शिवाय ‘विजेता कोण’ हा तळाचा रकाना अगदीच अनाठायी आहे.

कागद जाड असून छपाई ठळक आहे आणि शेवटच्या बाकावरूनही अक्षरे वाचता येतात. पट्टी चिकटवण्याची तयारी असेल, तर संच घेण्यास हरकत नाही.