सातवीतल्या पोरीचा शाईपेन (प्लॅटिनम प्रेपी): जून ते मार्च वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो, बाकीचं मग. शाळेतल्या पोरांसाठी शाईपेन घ्यायचा असेल तर निब नंतर बघा, आधी टोपण बघा. सगळे निबचंच बोलत बसतात, इरिडियम टिप काय नि जर्मन निब काय, पण आपल्या सोलापुरात मार्च लागला की जे ऊन सुरू होतं त्यात टोपण घट्ट बसत नसेल तर कुठलाही निब वाळणारच, मग पोरगी वर्गात पेन झटकते, पुढच्या बाकावरच्या शर्टवर निळी नक्षी उठते आणि त्या पोराच्या आईचा फोन आपल्याला येतो.

ह्याच्याआधी नवी पेठेतनं एक साधा पेन आणला होता, कंपनीचं नाव लिहीत नाही, ड्रॉपरनं थेट नळीत शाई भरायचा. शाई लय मावायची त्यात. पण नळी अर्ध्याच्या खाली आली की आतल्या हवेला हाताची ऊब लागते, हवा फुगते आणि शाईला खाली ढकलते, की पडला थेंब वहीवर. दुकानदार म्हणाले, "अर्धी झाली की भरत जावा." बरोबर आहे त्यांचं, पण बारा वर्षांचं पोर हे ध्यानात ठेवणार होय?

मग जूनमध्ये ऑनलाइन प्लॅटिनम प्रेपी मागवला. जपानी कंपनी, पारदर्शक प्लास्टिकची बॉडी, ०३ म्हणजे फाइन निब. टोपणाच्या आत स्प्रिंगवालं अजून एक छोटं टोपण असतं, ते निबवर घट्ट बसतं, कंपनी म्हणते वर्षभर शाई वाळत नाही. वर्षाचं मला माहीत नाही, पण दिवाळीच्या सुट्टीत पेन दप्तरातच पडून होता, शाळा उघडल्यावर पहिल्या ओळीपासनं चालला. माझ्यासाठी पैसे तिथंच वसूल.

०३च घ्या, ०५ म्हणजे मिडियम नको. जपानी फाइन आपल्याकडच्या फाइनपेक्षा बारीक असतो आणि मराठी लिहायला तेच बरं पडतं, जाड निबनं ष्ट, क्ष असली अक्षरं पोटातनं भरून जातात आणि शिरोरेघ ओली राहते, मनगट फिरलं की सगळं फासलं. शाळेच्या पातळ वहीवर जाड निबची शाई पाठीमागंही उतरते. बारीक निब कागदाला जरा खरखरतो, पोरीला पहिले काही दिवस ते आवडलं नव्हतं, आता काय बोलत नाही.

खर्चाचं बोलायचं तर पेन स्वस्त, पण कार्ट्रिज (शाई भरलेली तयार छोटी नळी) फक्त त्यांचंच बसतं, आणि कन्व्हर्टर (बाटलीतनं शाई ओढून घ्यायची नळी) घ्यायला गेलं तर पेनाच्या किमतीच्या आसपास जातो, म्हणून तो घेतलाच नाही. मेडिकलमधनं सुई-सिरिंज आणली, रिकामं कार्ट्रिज धुऊन त्यातच कॅमलिनची रॉयल ब्लू भरतो. कार्ट्रिजमध्ये साधारण सव्वा मिली शाई मावते, म्हणजे ६० मिलीच्या बाटलीत वर्ष आरामात निघतं. (कॅमलिनवाल्या दांडेकरांनी १९३१ साली धंदाच शाईच्या पुडीवर सुरू केला होता, आमचे वडील अजून "पुडीची शाई" म्हणतात.) सुई मात्र पोरांच्या हातात देऊ नका, रविवारी आपणच भरून द्यायचं. कार्ट्रिजच्या आत एक बारीक गोळी असते, पेन हलवला की खुळखुळते, पोरीला पेनापेक्षा तीच जास्त आवडते!

रॉयल ब्लू युनिफॉर्मवरनं बऱ्यापैकी निघते, लगेच गार पाण्यात घातला तर. काळी शाई शाळेसाठी नकोच. पण हीच रॉयल ब्लू वहीवर पाणी सांडलं की पसरते, त्यामुळं पाण्याची बाटली आणि वह्या दप्तराच्या एका कप्प्यात ठेवायच्या नाहीत.

पेन धुण्याचा लोक फार बाऊ करतात. आपल्याकडं नळाला रोज पाणी कुठं असतं, शाई तीच वापरत असाल तर महिन्या-दोन महिन्यांनी निबचा पुढचा भाग रात्रभर वाटीतल्या पाण्यात बुडवून ठेवला तरी भागतं. फक्त पाणी गार घ्या, गरम पाण्यानं प्लास्टिक वाकतं.