हरवलेला चेक आणि ४१ रुपये ९० पैसे: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

खातं उघडून आठ महिने होत आले. बँक खासगी आहे, मोठी आहे, नाव घेत नाही. व्याजदर, मिनिमम बॅलन्स, कार्डावरच्या सवलती हे तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलंच असणार. गेल्या ऑगस्टमध्ये कोणी विचारलं असतं तर साडेचार तारे दिले असते. ॲप झटकन उघडतं, यूपीआय अडकत नाही, मुदत ठेव घरबसल्या होते. आज दीड देते. त्यातलाही अर्धा तारा शाखेतल्या एका मुलीचा, तिच्याबद्दल पुढे.

विषय एका चेकचा. सांगलीत विश्रामबागला भाड्याने राहत होते. पुण्याला बदली झाल्यावर घरमालक काकांनी डिपॉझिटचे ७५,००० रुपये चेकने परत केले. काका व्यवहाराला चोख. रक्कम ५०,००० च्या वर म्हणून त्यांनी आपल्या सहकारी बँकेत जाऊन पॉझिटिव्ह पेचा फॉर्मही भरला, म्हणजे चेकचा तपशील बँकेला आधीच कळवून ठेवला: चेक नंबर, तारीख, रक्कम, माझं नाव. दोन तिरप्या रेघा, अकाउंट पेयी, सही नमुन्याबरहुकूम. चेकमध्ये खोट काढायला जागा नव्हती.

दिवाळीनंतर तो पुण्याच्या शाखेत भरायला गेले. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता ड्रॉप बॉक्सकडे बोट दाखवलं. त्या बॉक्सवरच छापलेलं असतं की ग्राहक काउंटरवर चेक देऊन स्लिपवर पोच घेऊ शकतात. बँकेने ते हौसेने छापलेलं नाही, रिझर्व्ह बँकेने छापायला लावलंय, आणि काउंटरवर आलेल्या चेकची पोच नाकारता येत नाही असाही नियम आहे. मी ती ओळ मोठ्याने वाचली. मागे रांग होती. त्याने स्लिपच्या अर्ध्या भागावर शिक्का मारला, तारीख नीट उमटली नव्हती म्हणून मी परत मारून घेतला. तेव्हा त्याने माझ्याकडे जसं पाहिलं ते मला अजून आठवतं, पण पुढचं सगळं त्या शिक्क्यावर उभं आहे.

४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दुसऱ्या दिवशीची वाट न बघता त्याच दिवशी वटायला लागले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात बँका चेक स्कॅन करून सतत पुढे पाठवत राहायच्या, आणि ज्या बँकेचा चेक आहे तिने संध्याकाळी सातपर्यंत हो-नाही कळवायचं. कळवलं नाही तर हो धरायचे. म्हणजे सकाळी भरलेल्या चेकचा निकाल दिवे लागेपर्यंत लागायला हवा. माझ्या खात्यात आठवडा उलटला तरी काही नाही. जमाही नाही, परतही नाही.

शाखेत पहिलं उत्तर: “मॅम, नवीन सिस्टिम आहे, सगळीकडेच उशीर होतोय.” हे मी मान्य केलं. ऑक्टोबरात खरंच बऱ्याच बँकांचे चेक अडकले होते, पेपरात येत होतं.

दुसरं उत्तर: “आउटस्टेशन चेक आहे ना, सांगलीचा. वेळ लागतो.” इथे माझं डोकं फिरलं. आउटस्टेशन म्हणजे काय? चेक आता एसटीने किंवा कुरियरने सांगलीला जात नाही. सीटीएस, म्हणजे कागदाऐवजी फोटोवरून चेक वटवायची पद्धत, दिल्लीत २००८ साली आलं, चेन्नईत २०११ ला, मुंबईत २०१३ ला, आणि सप्टेंबर २०२१ अखेर देशातल्या सगळ्या शाखा त्यात घ्यायच्या होत्या. जातो तो फक्त चेकचा फोटो आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवरचे आकडे. कागद जिथे भरला त्याच बँकेकडे राहतो, आणि तो दहा वर्षं सांभाळायची जबाबदारीही तिचीच. मग माझा कागद दाखवा, एवढंच मी म्हटलं. त्यावर कस्टमर केअरचा नंबर मिळाला.

कस्टमर केअरबद्दल फार लिहीत नाही. “आपला चेक प्रोसेसमध्ये आहे.” दर वेळी नवा तक्रार क्रमांक, दर वेळी जुनी तक्रार “समाधानपूर्वक बंद” केल्याचा मेसेज. कोणाचं समाधान ते लिहिलेलं नसतं.

खरा उलगडा सांगलीहून झाला. मी सहकारी बँकांना कायम नावं ठेवत आले. दुपारी जेवणाची सुट्टी, पासबुक छापायचं मशीन बंद, ॲप असून नसल्यासारखं. काका त्यांच्या शाखेत गेले आणि मॅनेजरसाहेबांनी उभ्या उभ्या इनवर्ड क्लिअरिंग, म्हणजे दुसऱ्या बँकांकडून आलेल्या चेकची नोंद, तपासून सांगितलं की या नंबरचा चेक आमच्याकडे आलेलाच नाही. ना कागद, ना फोटो. मग मला स्वतः फोन केला: “ताई, तुमच्या बँकेने तो अजून प्रेझेंटच केलेला नाही. तिकडेच शोधा.” हे वाक्य माझ्या बँकेतून महिनाभर कोणाच्याही तोंडून निघालं नव्हतं. त्या ॲपविषयीचं माझं मत तेच आहे, बँकेविषयीचं नाही.

इथपर्यंतचा मजकूर मी डिसेंबरात लिहून ठेवला होता, आणि त्यात शाखेतल्या लोकांवर बराच राग होता. तो आता थोडा उतरलाय, म्हणून ते परिच्छेद काढून टाकले. कारण मधल्या काळात शाखेत एक नवी ऑपरेशन्सची मुलगी आली. तिने मला बसवलं आणि सरळ सांगितलं की या शाखेत चेक स्कॅनच होत नाहीत. दुपारी एजन्सीचा माणूस येतो, पिशवी सील करून घेऊन जातो, शहरातल्या क्लिअरिंग सेंटरवर स्कॅनिंग होतं. त्या दिवशीच्या पिशवीच्या यादीत माझा चेक होता, स्कॅन झालेल्यांत नव्हता. गेला तो या दोन यादींच्या मध्ये. काउंटरवरच्या मुलाला तो कुठे आहे हे माहीत असणं शक्यच नव्हतं. तसं तो म्हणाला असता तर बरं झालं असतं, पण ते बाजूला ठेवू.

तिने मग बँकेच्या लेटरहेडवर लिहून दिलं की अमुक नंबरचा चेक आमच्या ताब्यात असताना गहाळ झाला. बँका असं लेखी देत नाहीत, ओळखीतल्या कोणालाही विचारा. तो अर्धा तारा हिचा.

आता पैशांचं. रिझर्व्ह बँकेने २०१५ च्या ग्राहकसेवेच्या मास्टर सर्क्युलरमध्येच, म्हणजे नियमांच्या एकत्रित पत्रकात, सांगितलं होतं की चेक वाटेत किंवा क्लिअरिंगमध्ये हरवला तर बँकेने खातेदाराला ताबडतोब कळवायचं, म्हणजे त्याला चेक देणाऱ्याकडून पेमेंट थांबवून घेता येईल. जबाबदारी चेक गोळा करणाऱ्या बँकेची, खातेदाराची नाही. दुसरा चेक मिळवण्याचा खर्च आणि त्यात गेलेल्या वेळेचं व्याजही बँकेने द्यायचं. कळवण्याचं काम माझ्याकडून झालं, सांगलीच्या मॅनेजरकडून झालं. माझ्या बँकेकडून नाही.

काकांनी स्टॉप पेमेंट करायचं ठरवलं आणि शुल्काचा आकडा ऐकून थांबले. २०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण २३६. मला फोन: “अगं, चेकची मुदत तीन महिन्यांची. जानेवारीअखेर तो आपोआप मरतोय की. कशाला दोनशे छत्तीस घालवायचे? फेब्रुवारीत दुसरा देतो.” मी हिशोब मांडून दाखवला: ७५,००० वर अडीच टक्क्यांनी धरलं तरी तीन महिन्यांचं व्याज ४६८ रुपये ७५ पैसे होतं. काका म्हणाले, “ते तुझं गं. दोनशे छत्तीस माझे जातायत.” बरोबरच होतं. मी म्हटलं, ते मी भरते आणि बँकेकडून वसूल करते.

काकांनी स्टॉप पेमेंट केलं. चेक सापडला तर वटवणार नाही, असं माझ्याकडून साध्या कागदावर लिहून घेतलं. दुसरा चेक या बँकेत भरायला मी नको म्हणाले, म्हणून त्यांनी शाखेतून एनईएफटी केलं. त्याचे पाच रुपये अधिक जीएसटी, ५.९०. पैसे तासाभरात आले. काकांना मी अडीचशे रुपये पाठवून दिले, पुढच्या भेटीत त्यांनी आठ रुपये हातावर ठेवले आणि “दहा पैसे राहिले तुझे” म्हणाले.

माझा दावा २४१ रुपये ९० पैसे. मागे व्यवहाराच्या दोन्ही नोंदी आणि लेटरहेडची प्रत जोडली. उशिराचं व्याज बँकेने न मागता जमा केलं, याचं श्रेय देते. खर्चाचे मात्र २०० आले. विचारलं तर उत्तर: “मॅम, जीएसटी सरकारकडे जातो, आम्ही तो परत करू शकत नाही.” अहो, जीएसटी तुमच्याकडे मागतच नाहीये! दुसऱ्या बँकेने घेतलेला खर्च मागतेय. काकांच्या खात्यातून २३६ गेले, २०० नाही. आणि एनईएफटी? “तो ग्राहकाचा चॉइस होता.” चेक हरवल्यावर दुसरा मार्ग घेणं हा चॉइस.

बँकेकडे तक्रार करून तीस दिवस झाले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी तक्रार केली तेव्हा २०२१ ची योजना लागू होती: सगळं एकाच पोर्टलवर, फी नाही, वकील नको, मराठीतही चालायचं. त्या योजनेत नुकसानभरपाई वीस लाखांपर्यंत मागता यायची, मनस्तापाचे वेगळे एक लाखापर्यंत. मी रकमेच्या रकान्यात ४१.९० लिहिलं. मनस्तापाचा रकाना रिकामा सोडला, त्याचा आकडा लावायला बसले असते तर नवऱ्याने घरात घेतलं नसतं.

तक्रार गेल्यावर बँकेच्या नोडल ऑफिसमधून, म्हणजे लोकपालाकडे गेलेल्या तक्रारी बघणाऱ्या कार्यालयातून, एका गृहस्थांचा अतिशय नम्र फोन आला. महिनाभर कुठे होती ही नम्रता? तक्रार मागे घेतल्यास “गुडविल जेश्चर” म्हणून पाचशे रिवॉर्ड पॉइंट देतो म्हणाले. पॉइंटांनी काकांचा हिशोब मिटत नाही. खात्यात ४१ रुपये ९० पैसे, आणि नोंदीत ‘चेक गहाळ झाल्याचा खर्च’ असे शब्द, एवढंच हवंय, असं सांगितलं. ते म्हणाले, वरिष्ठांशी बोलतो. अजून बोलतायत.

ज्यांना चेक फारसा लागत नाही त्यांच्यासाठी ॲप आणि ठेवी अजूनही चांगल्या आहेत, ते मी नाकारत नाही. सोसायटीचे, भाड्याचे, पतसंस्थेचे चेक येत असतील तर ही शाखा नको. भरायचाच असेल तर चेकच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

खातं बंद का करत नाही असं बहीण विचारते. वर्षाच्या आत बंद केलं तर ही बँक शुल्क कापते, अधिक जीएसटी. आणि मुदत ठेव मध्येच मोडली तर एक टक्का व्याज जातं. दोन्ही मे महिन्यात संपतंय. तोवर पगार जुन्या खात्यात वळवला आहे आणि इथे मिनिमम बॅलन्सच्या वर एक रुपया ठेवत नाही.