पहिली परदेशी हाफ मॅरेथॉन: प्राग की न्यूकॅसल?

दोन्ही शहरं नदीकाठची आणि अंतर तेच, २१.१ किलोमीटर. तरी निवड करण्याआधी एक ठरवा: चांगली वेळ काढायची आहे, की लोकांमध्ये धावण्याचा आनंद हवा आहे?

वेळ काढायची असेल तर प्राग. मार्ग बराचसा व्ल्टावाच्या काठानं जातो, पुलांवरून नदी ओलांडतो आणि चढ किरकोळ आहेत. २०१७ मध्ये केनियाच्या जॉइसिलिन जेपकोसगेईनं इथंच १ तास ४ मिनिटं ५२ सेकंदांचा विश्वविक्रम केला. ६५ मिनिटांच्या आत हाफ पूर्ण करणारी ती पहिलीच महिला. मात्र जुन्या शहरात दगडी फरसबंदी आणि ट्रामचे रूळ पायाखाली येतात, पावसात तिथं पाय घसरतो. पकड चांगली असलेलेच शूज न्या.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलची हाफ मॅरेथॉन म्हणजे ग्रेट नॉर्थ रन. ती ब्रिटनचे माजी ऑलिंपिक धावपटू ब्रेंडन फॉस्टर यांनी १९८१ मध्ये सुरू केली. आता तिथं साधारण ६० हजार लोक धावतात. टाइन नदी सुरुवातीलाच, टाइन ब्रिजवर ओलांडायची. मग थेट साउथ शील्ड्सच्या समुद्रापर्यंत. रस्ता चढउतारांचा आहे. शेवटचा मैल समुद्राकाठचा, आणि वारा समोरून असला तर तो संपता संपत नाही. पण काय माणसं आहेत तिथली! घरासमोर उभं राहून मुलं गोळ्या आणि संत्र्याच्या फोडी पुढे करतात. कितीतरी धावकांच्या पाठीवर गेलेल्या आईचं, भावाचं नाव असतं. ते त्यांच्या आठवणीत धर्मादाय निधी जमवत धावत असतात. असं वातावरण प्रागला नाही.

प्रागची शर्यत मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला असते, म्हणजे आपल्याकडचा हिवाळा सरावाला मिळतो. न्यूकॅसलची सप्टेंबरात, म्हणजे लांब पल्ल्याचे रविवार भर पावसात. प्रागला थेट नोंदणी होते, पण जागा लवकर भरतात. न्यूकॅसलला सोडत असते. नाव नाही आलं तर एखाद्या धर्मादाय संस्थेसाठी निधी जमवून जागा मिळवता येते. व्हिसा वेगळे: प्रागला शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा), न्यूकॅसलला ब्रिटनचा. न्यूकॅसलला शर्यत संपते दुसऱ्याच गावात, त्यामुळे परतीच्या मेट्रोच्या लांब रांगेसाठी कोरडे कपडे जवळ हवेत.

माझा कौल पहिल्या वेळी न्यूकॅसललाच. घड्याळाशी झुंज दुसऱ्या वर्षी प्रागला घेता येईल.