बीएस-6 ट्रकचं एससीआर: 14 महिने, 92 हजार किमी

दहा चाकी गाडी आहे, नागपूरच्या वाडीतून निघते. एससीआर म्हणजे धुरातला नायट्रोजन ऑक्साइड मारायची यंत्रणा: गरम धुरात युरियाचं पाणी फवारायचं, त्याचा अमोनिया होतो, अन् तो कॅटॅलिस्टवर, म्हणजे रसायनाचा थर दिलेल्या जाळीवर, नायट्रोजन ऑक्साइडला पकडतो. पहिले पाच महिने कळमना, हिंगणा, बुटीबोरी असं लोकलच, मग रायपूर लाईन लागली. आधीच सांगून टाकतो, कॅटॅलिस्ट अजून ओरिजिनलच आहे, मारायला निघालो होतो ते आम्हीच.

लोकलला गाडी अर्धा दिवस लोडिंगच्या लाईनीत चालूच उभी. सायलेन्सर तापत नाही, आणि 200 डिग्रीच्या आसपास पोचल्याशिवाय युरियाचा अमोनिया नीट होत नाही, मग नायट्रोजन ऑक्साइडला पकडणार कोण? चौथ्या महिन्यात डॅशबोर्डवर इशाऱ्याचा लाईट लागला, पिकअप गेला. युरिया फवारणारा नोझल काढला तर मिठासारखे पांढरे खडे. कोमट पाण्यानं धुतला, गरम रिजन मारलं, म्हणजे सायलेन्सर मुद्दाम तापवून आतला साका जाळला, झालं.

खरा घोळ मे महिन्यातला. ड्रायव्हर पोट्टा चांगला आहे पण पैसे वाचवायची भारी हौस, हायवेवरून युरियाच्या पाण्याची स्वस्तातली बकेट घेऊन आला. मी रिफ्रॅक्टोमीटर लावला, युरिया बरोबर 32.5 टक्के, पाहिजे तेवढाच, म्हटलं टाक. तिथंच फसलो ना भाऊ, ते यंत्र युरिया किती एवढंच सांगते, पाण्यात काय आहे ते नाही. माझा अंदाज, खताचा नीमकोटेड युरिया अन् बोअरचं पाणी असावं. आपल्या कूलरच्या जाळीवर पांढरा थर धरतो, तसंच समजा. डिझेलमधला गंधकही कॅटॅलिस्टवर बसतो, तो तापवून बराचसा निघून जातो, आणि बीएस-6 मध्ये तो जास्तीत जास्त 10 पीपीएमच (दहा लाखांत दहा भाग) असतो, पण पाण्यातलं कॅल्शियम, सोडियम एकदा कॅटॅलिस्टवर बसलं की तापवून जात नाही. वीस लिटरच गेलं होतं, लगेच टाकी रिकामी करून धुतली म्हणून वाचलो, नाहीतर नव्याचं कोटेशन दीड लाखाच्या वर होतं.

रायपूर लाईनवर मात्र मस्त. लोडमध्ये सलग चालते, गरम राहते, तेव्हापासून एकदाही लाईट नाही. 100 लिटर डिझेलमागे साडेचार-पाच लिटर युरिया लागतो, तो आता सीलबंदच घेतो, बिलासकट, आणि बकेट उन्हात ठेवत नाही, नागपूरच्या उन्हात तो खराब होते.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो यासाठी की कॅटॅलिस्टच्या थरात तांबं-झिओलाइट (बारीक छिद्रांच्या खनिजात बसवलेलं तांबं) आहे की व्हॅनेडियम धातू, तीनदा विचारलं, कोणी सांगेना. व्हॅनेडियम गंधक सोसते पण फार उष्णता नाही, तांब्याचं उलटं, आणि लोकलच्या कमी तापमानातही तांबंच चांगलं. माझ्यासारख्यानं गाडी घेताना हेच तर पाहायचं असते, पण माहितीपत्रकात सीटच्या कापडाचा रंग लिहिलाय, हे नाही.