शनाया ट्वेनचा ‘अप!’: सात महिने ऐकल्यानंतर

‘अप!’ची लाल सीडी पाचव्या गाण्यावर अडकली. मऊ कापडाने पुसली, टूथपेस्ट लावून पाहिली, दुसऱ्या प्लेअरमध्ये घातली. फरक नाही. विकणाऱ्याला फोन केला तर ‘जुना माल परत घेत नाही’ म्हणाला. साडेसहाशे रुपये मोजले होते मी, आणि तेही ‘एकही चरा नाही’ या त्याच्या शब्दावर.

म्हणून निळी सीडी लावली. तोवर ती पाकिटातच होती. कॅनडाची गायिका शनाया ट्वेनचा हा अल्बम २००२ चा. तीच १९ गाणी तीन रंगांत: लाल म्हणजे पॉप, हिरवी म्हणजे कंट्री, अर्थात अमेरिकी गावाकडचं संगीत, आणि निळी भारतीय ढंगाची. निळीचं काम बर्मिंगहॅमच्या सायमन आणि डायमंड या दुग्गल बंधूंचं. परदेशी गाण्याला तबल्याची फोडणी दिली असेल, असं धरून मी ती बाजूला ठेवली होती.

तेच पाचवं गाणं, ‘फॉरेव्हर अँड फॉर ऑलवेज’, निळीवर ऐकलं आणि माझं मत फिरलं. चाल तीच, आवाज तोच. पण भोवतीचं सगळं आपल्या सिनेसंगीताच्या अंगाने जातं. ठेका नुसता चिकटवलेला नाही, आवाज त्यावर आरामात बसतो. सात महिन्यांत हे एक गाणं मी इतक्यांदा ऐकलंय की बाकीच्या अठरांवर अन्यायच झाला. त्यातली चार-पाच भरतीची आहेत, हेही खरं.

राग आहे तो वाटणीचा. उत्तर अमेरिकेत लाल-हिरवी विकली, बाकी बहुतेक जगात लाल-निळी. तिन्ही हवी तर लालचे पैसे दोनदा. तिकडे अमेरिकेत प्लॅटिनमचा (दर दहा लाख प्रतींमागे एक) हिशेब करताना दोन सीडींचा संच दोन म्हणून धरला गेला, त्यामुळे हा अल्बम ११ पट प्लॅटिनम ठरला. तरीही यश खोटं नाही. पहिल्या आठवड्यात तिथे ८ लाख ७४ हजार प्रती खपल्या आणि बिलबोर्ड या अमेरिकी खपाच्या यादीत तो थेट पहिला आला. आधीचा ‘कम ऑन ओव्हर’ जगभरात चार कोटींच्या घरात खपूनही त्या यादीत दुसऱ्या क्रमांकापुढे सरकला नव्हता.

हिरवी शेवटी टोरांटोच्या आतेबहिणीने तिचा संच पाठवला तेव्हा मिळाली. फिडल आणि स्टील गिटार ऐकून वाटलं, बाईंचा आवाज मुळात याच संगीतातला. आठवडाभर तीच चालली. मग पुन्हा निळी.

आतेबहिणीच्या संचातली लाल सीडी धडधाकट आहे. पाचवं गाणं त्यावर एकदाच पूर्ण ऐकलं, आणि सगळा वेळ तबल्याची वाट पाहत राहिले.